प्रकाशीय द्विस्थैर्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत एम.एस्सी. भौतिकशास्त्राला लेझर किंवा अरेषीय प्रकाशिकी हा विषय घेणारे विद्यार्थी, आणि क्वचित ऐरोली-महापे पट्ट्यात नेटवर्किंगचे काम करणारे अभियंते, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते येथे एकत्र केले आहेत. जेथे गणित टाळल्यास विषयच निसटतो तेथे ते टाळलेले नाही. मात्र बारावीचे बीजगणित आणि थोडे अवकलन यांपलीकडे काही लागणार नाही.

प्रकाशीय द्विस्थैर्य म्हणजे नेमके काय?

एखाद्या उपकरणात ठरावीक तीव्रतेचा प्रकाश सोडला असता बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या दोन वेगवेगळ्या स्थिर पातळ्या शक्य असतील, आणि त्यांपैकी कोणती मिळणार हे ते उपकरण आधी कोणत्या स्थितीत होते यावर ठरत असेल, तर ते उपकरण द्विस्थिर आहे असे म्हणतात. आत येणाऱ्या तीव्रतेला आपण आवक म्हणू आणि बाहेर पडणाऱ्या तीव्रतेला जावक. आवक हळूहळू वाढवत नेली की जावक एका विशिष्ट बिंदूला एकदम उडी मारून वर जाते. तीच आवक कमी करत आणली की जावक त्याच बिंदूला खाली येत नाही, बरीच खाली उतरल्यावर कोसळते. या दोन बिंदूंमधल्या पट्ट्यात उपकरणाला स्वतःचा इतिहास आठवत असतो. चुंबकीय पदार्थांच्या संदर्भात आपण जे हिस्टेरेसिसचे वेटोळे शिकतो, तेच येथे प्रकाशाच्या आलेखात दिसते.

माध्यम अरेषीय असले की द्विस्थैर्य आपोआप येते का?

नाही. या विषयातला बहुतेक गोंधळ याच समजुतीतून होतो. उन्हात गेल्यावर काळा होणारा चष्मा घ्या. प्रकाश वाढला की त्याची पारदर्शकता बदलते, म्हणजे त्याचा प्रतिसाद अरेषीय आहे. पण पुरेसा वेळ दिला तर एका तीव्रतेला त्याची एकच पारदर्शकता ठरते. तेथे द्विस्थैर्य नाही.

द्विस्थैर्यासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात. पहिली म्हणजे माध्यमाचा अरेषीय गुणधर्म: त्याचा अपवर्तनांक किंवा त्याचे शोषण तीव्रतेनुसार बदलले पाहिजे. दुसरी म्हणजे फीडबॅक: माध्यमात झालेल्या बदलाने माध्यमातलीच तीव्रता आणखी बदलली पाहिजे, आणि तीही त्याच दिशेने. हा फीडबॅक आरशांच्या पोकळीतून येऊ शकतो, आवर्ती रचनेतून (जिचा अपवर्तनांक ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा बदलतो) येऊ शकतो, बाहेरच्या विद्युत परिपथातून येऊ शकतो किंवा माध्यमाच्या अणूंमधल्या परस्परक्रियेतूनही येऊ शकतो. कोणतेही नवे उपकरण समोर आले की पहिला प्रश्न ‘यात फीडबॅक कोठे आहे?’ हाच विचारावा. त्याचे उत्तर सापडले की उरलेले उपकरण समजायला फारसा वेळ लागत नाही.

फाब्री-पेरो पोकळीत हे कसे घडते? आकडे घालून दाखवता येईल का?

जरूर, आणि हे गणित प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावे.

दोन अंशतः परावर्तक आरसे समांतर ठेवले की त्यांच्यामध्ये प्रकाश मागेपुढे फिरतो. एका पूर्ण फेरीत मिळणारी फेज २π च्या पटीत असेल तर सगळ्या फेऱ्यांचे तरंग एकमेकांना बळ देतात, पोकळीतली तीव्रता खूप वाढते आणि आदर्श पोकळीतून सगळा प्रकाश पार जातो. याला रेझोनन्स म्हणतात. लेझरची तरंगलांबी रेझोनन्सपासून थोडी बाजूला असेल तर पोकळी बहुतांश प्रकाश परत फेकते.

आता पोकळीत असे माध्यम भरा की ज्याचा अपवर्तनांक तीव्रतेच्या प्रमाणात बदलतो. यालाच केर परिणाम म्हणतात. आत प्रकाश शिरला की अपवर्तनांक बदलतो, त्यामुळे रेझोनन्सची जागा सरकते. ती लेझरच्या दिशेने सरकली तर आणखी प्रकाश आत शिरतो, त्यामुळे ती आणखी सरकते. फीडबॅक तो हाच.

रेझोनन्सच्या शिखराच्या अर्ध्या उंचीवर जी रुंदी असते तिचा निम्मा भाग हे आपले एकक मानू. लेझर सुरुवातीला रेझोनन्सपासून अशी ३ एकके दूर आहे असे धरू. पोकळीतल्या तीव्रतेला ‘क्ष’ म्हणू आणि तिचे माप असे निवडू की क्ष = १ असताना रेझोनन्स बरोबर १ एकक सरकतो. आरसे सारखे आणि शोषणरहित असतील तर आवकही त्याच मापात लिहिता येते:

आवक = क्ष × [१ + (क्ष − ३)²]

आणि जावक म्हणजे क्ष. आवक १ असेल तेव्हा क्ष सुमारे ०.११ येतो, म्हणजे पोकळी जवळजवळ बंद आहे. आवक वाढवत नेली तर क्ष सावकाश वाढतो. या समीकरणाचे अवकलन शून्य ठेवले की ३क्ष² − १२क्ष + १० = ० हे वर्गसमीकरण मिळते आणि त्याची उत्तरे १.१८ व २.८२ येतात. पहिल्या उत्तराशी जोडलेली आवक ५.०९ आहे. आवक वाढत वाढत तेथे पोहोचली की क्ष १.१८ वरून थेट ३.६३ वर उडी घेतो. आता आवक कमी करा. ती ५.०९ च्या खाली आली तरी पोकळी उघडीच राहते, कारण आतला प्रकाशच रेझोनन्सला लेझरजवळ धरून ठेवतो. आवक २.९१ पर्यंत उतरली की मग क्ष २.८२ वरून ०.३७ वर कोसळतो.

मधल्या पट्ट्यातली ४ ही आवक घेऊन पाहा, कारण तिचे उत्तर नेटके येते. समीकरण क्ष³ − ६क्ष² + १०क्ष − ४ = ० असे होते, त्यातून (क्ष − २) हा अवयव बाहेर पडतो आणि उरलेल्या भागातून क्ष = २ ± √२ मिळते. म्हणजे क्ष ०.५९, २ किंवा ३.४१. पहिल्या स्थितीत १५ टक्क्यांच्या आतबाहेर प्रकाश पार जातो, तिसऱ्या स्थितीत ८५ टक्क्यांच्या आसपास. लेझर तीच, पोकळी तीच, आवकही तीच.

लेझर सुरुवातीला किती दूर असावी यालाही मर्यादा आहे. हे अंतर √३, म्हणजे सुमारे १.७३ एककांपेक्षा कमी असेल तर आलेखाला वळसा पडतच नाही. ३ च्या जागी सर्वसाधारण अक्षर घालून तेच वर्गसमीकरण सोडवले की ही अट लगेच मिळते. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

मग क्ष = २ ही तिसरी स्थिती प्रयोगात का दिसत नाही?

ती समीकरणाचे उत्तर आहे, पण स्थिर नाही. त्या भागात आलेखाचा उतार उलटा असतो: क्ष किंचित वाढला तर तो टिकवायला पूर्वीपेक्षा कमी आवक पुरते, म्हणून असलेली आवक जास्त ठरते आणि क्ष वाढतच जातो. किंचित कमी झाला तर याच्या उलट घडते. भिंतीवरचे खटक्याचे बटण बरोबर मध्ये उभे राहत नाही, तसेच हे आहे.

शोषणावर आधारलेले आणि अपवर्तनावर आधारलेले द्विस्थैर्य यांत फरक काय? आधी कोणते सापडले?

कल्पना शोषणाची आधी आली आणि प्रयोगात मात्र अपवर्तनाने बाजी मारली. लेझर डायोडमधल्या, म्हणजे स्वतः प्रकाश निर्माण करणाऱ्या उपकरणातल्या, द्विस्थैर्याचा प्रस्ताव लॅशर यांनी १९६४ मध्येच मांडला होता. निष्क्रिय पोकळीसाठी १९६९ मध्ये सोके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचवले की पोकळीत संपृक्त होणारा शोषक ठेवावा. कमी तीव्रतेला तो प्रकाश गिळतो आणि पोकळीत तीव्रता साचू देत नाही. तीव्रता एकदा पुरेशी वाढली की त्याचे अणू संपृक्त होतात, शोषण घटते आणि पोकळी उघडते. बोनिफाचो आणि लुजातो यांनी १९७८ मध्ये याचे सुटसुटीत गणित मांडले. त्यात माध्यमातले शोषण आणि आरशांतून होणारी गळती यांच्या गुणोत्तराशी निगडित असलेली एक संख्या ४ पेक्षा मोठी असेल तरच द्विस्थैर्य मिळते.

प्रत्यक्ष प्रयोग अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत गिब्ज, मॅकॉल आणि भारतीय वंशाचे वेंकटेशन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. पोकळीत सोडियमची वाफ होती आणि लेझर सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरजवळच्या रेषेवर जुळवलेली होती. एलईडी येण्यापूर्वी आपल्या रस्त्यांवर जो पिवळा उजेड पडायचा त्याचा उगम याच रेषांच्या परिसरातला. लेझर शोषणरेषेच्या बरोबर मध्यावर न ठेवता बाजूला सरकवल्यावर जे दिसले त्यावरून स्पष्ट झाले की त्या वाफेतल्या द्विस्थैर्यात शोषणापेक्षा अपवर्तनांकातल्या बदलाचा वाटा मोठा आहे. पुढची बहुतेक उपकरणे त्याच वाटेने गेली, आणि त्याला सबळ कारण आहे: शोषणावर चालणाऱ्या उपकरणात प्रकाशाची ऊर्जा उष्णतेत वाया जाते आणि ‘बंद’ स्थिती पोसायलाच खर्च येतो.

अर्धवाहकांकडे सगळे का वळले?

कारण बँड गॅपच्या काठाशी त्यांचा अपवर्तनांक अगदी थोड्या प्रकाशानेही बदलतो, आणि काही मायक्रोमीटर जाडीचा थर पुरतो. १९७९ मध्ये दोन गटांनी हे जवळजवळ एकाच वेळी दाखवले: बेल लॅब्जने गॅलियम आर्सेनाइडमध्ये, आणि एडिनबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठाने इंडियम अँटिमनाइडमध्ये, कार्बन मोनॉक्साइड लेझर वापरून. दोन्ही प्रयोग अतिशीत तापमानात केले गेले. गॅलियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड यांचे पातळ थर आलटून पालटून चढवलेल्या रचनेत १९८२ मध्ये हा परिणाम खोलीच्या तापमानाला मिळाला, कारण अशा थरांत एक्सायटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या बांधलेल्या जोड्या, अधिक घट्ट बांधलेले असतात आणि उष्णतेने सहजी विस्कटत नाहीत.

साध्या काचेत किंवा फायबरमध्ये द्विस्थैर्य का मिळत नाही?

मिळते, पण त्यासाठी किंमत फार मोजावी लागते. एक अंदाज काढू. १ मिलिमीटर जाडीची सिलिका काच, दोन्ही बाजूंना ९० टक्के परावर्तन करणारे आरसे आणि १ मायक्रोमीटर तरंगलांबी घ्या. अशा पोकळीचा रेझोनन्स पुरेसा सरकवायला एका फेरीत सुमारे ०.२ रेडियन जादा फेज लागते, म्हणजे अपवर्तनांकात १.६ × १०⁻⁵ इतका बदल हवा. सिलिकाचा केर गुणांक दर वॅटमागे सुमारे २.६ × १०⁻²⁰ चौरस मीटर एवढा आहे. भागाकार केला की पोकळीतली तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६० गिगावॅट येते. स्पंदित लेझरने हे गाठता येईल, पण सतत चालणाऱ्या उपकरणात याचा विचारच करू नये.

यावर उपाय तीनच आहेत. पोकळी लांब करा, आरसे अधिक चांगले घ्या किंवा प्रकाश अगदी लहान जागेत कोंडा. फायबरचे वेटोळे पहिला मार्ग धरते, पण फेरीला लागणारा वेळही त्याच प्रमाणात वाढतो. फोटॉनिक क्रिस्टल (प्रकाश कोंडणारी सूक्ष्म आवर्ती रचना) आणि सूक्ष्म रिंग (चिपवरची प्रकाश फिरवणारी लहानशी कडी) उरलेले दोन्ही मार्ग एकत्र धरतात, म्हणून आजचे बहुतेक काम तेथे चालते.

स्थिती बदलायला किती वेळ लागतो?

तीन घड्याळे एकाच वेळी चालू असतात आणि त्यांपैकी सगळ्यात मंद असेल ते वेळ ठरवते. पहिले पोकळीचे: वरच्या काचेच्या उदाहरणात एक फेरी सुमारे १० पिकोसेकंदांची आहे आणि पोकळी भरायला किंवा रिकामी व्हायला ५० पिकोसेकंदांच्या आसपास लागतात. दुसरे माध्यमाचे: केर परिणाम जवळजवळ तत्काळ घडतो, पण अर्धवाहकात निर्माण झालेले इलेक्ट्रॉन आणि होल पुन्हा एकत्र यायला बऱ्याचदा नॅनोसेकंद लागतात. तिसरे उष्णतेचे, आणि ते मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत जाते.

पाठ्यपुस्तके ज्याकडे फारसे लक्ष देत नाहीत अशी एक बाब येथे आहे. उडीच्या बिंदूजवळ उपकरण स्वतःच सुस्त होते. आवक ५.०९ ऐवजी ५.१० दिली तर उडी होते खरी, पण क्ष आधी १.१८ च्या आसपास बराच काळ रेंगाळतो, कारण तेथे पुढे ढकलणारे बळ जवळजवळ शून्य असते. वेग हवा असेल तर आवक उंबरठ्याच्या बरीच पुढे न्यावी लागते, म्हणजे जास्त ऊर्जा खर्च करावी लागते. कमी ऊर्जेचे आणि जलद असे दोन्ही दावे एकाच उपकरणाबद्दल केले असतील, तर ते एकाच मोजणीतून आले आहेत का हे तपासावे.

आरशांशिवाय द्विस्थैर्य शक्य आहे का?

आहे. आवर्ती रचनेत फीडबॅक सगळ्या लांबीवर पसरलेला असतो. विनफुल, मारबर्गर आणि गार्मायर यांनी १९७९ मध्ये याचे गणित मांडले. दुसरा प्रकार वाढत्या शोषणाचा: पदार्थ तापला की त्याचे शोषण वाढते आणि त्यामुळे तो आणखी तापतो. तिसरा प्रकार सर्वांत मोहक आहे, कारण त्यात शेजारच्या आयनांमधली परस्परक्रियाच फीडबॅकचे काम करते. इटर्बियम आयनांच्या जोड्या असलेल्या स्फटिकात तो १९९४ मध्ये दिसला, आणि निओडायमियम मिसळलेल्या पोटॅशियम लेड क्लोराइडच्या नॅनोकणांत २०२५ मध्ये.

सीड हे उपकरण काय होते?

डेव्हिड मिलर आणि सहकाऱ्यांनी बेल लॅब्जमध्ये १९८४ मध्ये केलेले सीड (सेल्फ-इलेक्ट्रो-ऑप्टिक इफेक्ट डिव्हाइस) हे उपकरण माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत हुशार रचना आहे, कारण यात पोकळीच नाही. पी-आय-एन डायोडच्या मधल्या भागात क्वांटम वेलचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना काही नॅनोमीटर जाडीत कोंडणारे, थर असतात, डायोडला उलटा व्होल्टेज दिलेला असतो आणि परिपथात एक रोधक जोडलेला असतो. क्वांटम वेलवर विद्युतक्षेत्र असते तेव्हा शोषणाचे शिखर लांब तरंगलांबीकडे सरकलेले असते. प्रकाश पडला की विद्युतधारा वाहते, रोधकावर व्होल्टेज खर्च होतो, वेलवरचे क्षेत्र कमी होते, शिखर मूळ जागी परतते, आणि लेझर नेमकी त्या मूळ जागीच ठेवलेली असल्यामुळे शोषण वाढते. शोषण वाढले की धारा आणखी वाढते. असे दोन डायोड एकमेकांना जोडून पुढे सममित सीड तयार झाले, आणि जानेवारी १९९० मध्ये बेल लॅब्जने त्यांवर चालणारा प्रायोगिक प्रकाशीय प्रोसेसर जाहीरपणे दाखवला.

ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये अशी द्विस्थिर उपकरणे वापरतात का?

नाही. तेथे रॅकमागून जे पिवळे आणि निळसर फायबर जातात ते फक्त माहिती वाहून नेतात: कमी अंतरासाठी ८५० नॅनोमीटर, लांबसाठी १३१० किंवा १५५० नॅनोमीटर. प्रत्येक टोकाला असलेला ट्रान्सीव्हर प्रकाशाची वीज करतो, आणि कोणता पॅकेट कोठे जायचा याचा निर्णय सिलिकॉनची इलेक्ट्रॉनिक चिप घेते. काही मोठ्या कंपन्या सूक्ष्म आरशांवर चालणारे प्रकाशीय स्विच वापरतात, पण त्यांत द्विस्थैर्याचा संबंध नाही. आरसा विजेने वळवला जातो, इतकेच.

असे का, याचे उत्तर आपल्याच आकड्यांत आहे. उपकरणाला स्मृतीसारखे किंवा लॉजिकसारखे वापरायचे तर आवक सतत उंबरठ्याच्या जवळ, समजा ४.९ वर, धरून ठेवावी लागते, म्हणजे एखादा लहानसा संकेत आला की तो तोल पलटवेल. पण ४.९ आणि ५.०९ यांत चार टक्क्यांचेच अंतर आहे. लेझरची शक्ती तेवढी हलली की उपकरण आपोआप पलटते. त्यात तापमानाची भर: १५५० नॅनोमीटरवर चालणाऱ्या सिलिकॉन रिंगचा रेझोनन्स एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.०७ नॅनोमीटर सरकतो, आणि क्यू गुणांक (तरंगलांबी आणि शिखराची रुंदी यांचे गुणोत्तर) २०,००० असलेल्या रिंगच्या शिखराची पूर्ण रुंदीच साधारण तेवढी असते. शीतकरणावर एवढा खर्च करणाऱ्या इमारतीतही प्रत्येक चिपवर अंशाच्या अपूर्णांकाएवढे नियंत्रण ठेवायचे, तेही लाखो उपकरणांवर, ही अट व्यवहारात परवडत नाही.

डेव्हिड मिलर यांनीच २०१० मध्ये प्रकाशीय ट्रान्झिस्टरने पुऱ्या कराव्यात अशा अटी स्पष्टपणे मांडल्या: एका उपकरणाची जावक पुढच्याला थेट चालवू शकली पाहिजे, निदान दोन उपकरणांना पुरली पाहिजे, बिघडलेली पातळी पुन्हा स्वच्छ झाली पाहिजे, जावकेतून परत आलेला प्रकाश आवकेत मिसळता कामा नये, आणि अशी नाजूक जुळवणी लागता कामा नये. साध्या द्विस्थिर पोकळीला यांपैकी अनेक अटी जड जातात. सीडच्या जनकाने हे लिहावे याला एक वजन आहे.

मग हा विषय आज शिकायचा कशाला?

कारण द्विस्थैर्य हवे असो वा नसो, ते भेटतेच. सिलिकॉन फोटॉनिक्सच्या कोणत्याही प्रयोगशाळेत सूक्ष्म रिंगवर लेझरची तरंगलांबी फिरवत नेली आणि शक्ती थोडी जास्त असली, तर रेझोनन्सचे सुबक खोरे शार्कच्या पाठीवरच्या परासारखे एका बाजूला कलते: सावकाश उतरते आणि मग उभ्या रेषेत वर येते. तरंगलांबी उलट दिशेने फिरवली की आकार बदलतो. रिंगमध्ये शोषलेल्या थोड्याशा प्रकाशाने सिलिकॉन तापते, अपवर्तनांक वाढतो, आणि रेझोनन्स लेझरच्या पुढे पुढे पळतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या आल्मेदा आणि लिप्सन यांनी २००४ मध्ये ५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या सिलिकॉन रिंगमध्ये ४५ मायक्रोवॅट इतक्या कमी शक्तीला द्विस्थैर्य दाखवले. प्रतिसादाचा वेळ मायक्रोसेकंदांचा होता. सिलिकॉनमध्ये याच्या जोडीला आणखी एक भांडण चालते: दोन फोटॉन एकदम शोषले गेल्याने निर्माण झालेले इलेक्ट्रॉन अपवर्तनांक कमी करतात आणि उष्णता तो वाढवते. पहिला परिणाम जलद आणि दुसरा मंद असल्यामुळे काही वेळा रिंग स्थिर न राहता स्वतःच्या तालावर हेलकावत राहते.

हवेसे वाटणारे उपयोगही आहेत. जपानच्या एनटीटीच्या संशोधकांनी फोटॉनिक क्रिस्टलच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांत प्रकाशीय स्मृती तयार केली, आणि २०१२ मध्ये इंडियम फॉस्फाइडवर आधारलेल्या रचनेत अवघ्या ३० नॅनोवॅट शक्तीवर एक बिट टिकवून दाखवला. सूक्ष्म रिंगमध्ये तयार होणारे सॉलिटॉनचे (आकार टिकवून फिरणाऱ्या स्पंदांचे) कंगवेही, म्हणजे सारख्या अंतरावरच्या वारंवारतांचे संच, जे अचूक मोजमापासाठी वापरतात, लेझर द्विस्थैर्याच्या पट्ट्यात नेऊनच मिळवले जातात. त्यांचे वर्णन करणारे १९८७ चे समीकरण लुजातो आणि लेफेव्हर यांचे आहे. त्यातला एक गृहस्थ वर येऊन गेलाच आहे.

द्विस्थैर्य आणि केऑस यांचा संबंध काय?

पोकळीची फेरी माध्यमाच्या प्रतिसादापेक्षा लांब असेल तर आलेखाची वरची फांदी, म्हणजे जास्त जावकेची स्थिती, हीसुद्धा स्थिर राहीलच असे नाही. इकेदा यांनी १९७९ मध्ये दाखवले की अशा रिंगमध्ये जावक आधी दोन पातळ्यांमध्ये, मग चार पातळ्यांमध्ये आणि शेवटी अनियमितपणे हलू लागते. द्विस्थिर म्हणून बांधलेले उपकरण गोंगाट करत असेल, तर दोष नेहमीच जोडणीत असतो असे नाही.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काही करून पाहता येईल का?

शुद्ध प्रकाशीय द्विस्थैर्य अवघड आहे, पण प्रकाश आणि वीज मिळून होणारे संकरित द्विस्थैर्य अगदी स्वस्तात दाखवता येते. लागणारे सामान ठाणे स्टेशनजवळच्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, नाही तर लॅमिंग्टन रोडला मिळते: ९ व्होल्टची बॅटरी, २२० ओहमचा रोधक, एलडीआर (प्रकाश पडला की ज्याचा रोध कमी होतो असा रोधक), लाल एलईडी आणि १ किलोओहमचा आणखी एक रोधक. बॅटरी, २२० ओहम, एलडीआर आणि एलईडी एकसर जोडा. १ किलोओहम एलईडीला समांतर जोडा. आता एलईडी आणि एलडीआर समोरासमोर, अगदी जवळ आणून काळ्या नळीत बसवा आणि नळीवर काळी टेप गुंडाळा. टॉर्चचा प्रकाश एलडीआरवर पडेल एवढी एक फट मात्र ठेवा.

फट झाकून बॅटरी जोडली की काहीच होत नाही. अंधारात एलडीआरचा रोध खूप जास्त असतो. फटीतून क्षणभर टॉर्च मारली की एलडीआरचा रोध पडतो, एलईडी पेटते आणि टॉर्च काढून घेतल्यावरही पेटलेलीच राहते, कारण आता तिचाच उजेड एलडीआरवर पडत असतो. दोघांच्या मध्ये कागदाचा तुकडा सरकवला की ती विझते, आणि कागद काढला तरी विझलेलीच राहते. समांतर रोधक महत्त्वाचा आहे: तो नसेल तर आजच्या कार्यक्षम एलईडी काही मायक्रोअँपिअरवरही मिणमिणतात आणि परिपथ टॉर्चशिवायच पेट घेऊ शकतो, मग ‘बंद’ स्थिती उरत नाही. बॅटरीऐवजी बदलता येणारा पुरवठा जोडला आणि फट किंचित उघडी ठेवली, तर पेटण्याचा आणि विझण्याचा व्होल्टेज वेगवेगळा येतो. तो आलेख वहीत काढावा. पुरवठा ९ व्होल्टच्या वर नेऊ नये, नाही तर एलडीआर तापून जातो.

माझ्या प्रयोगात वेटोळे दिसले. ते खरे द्विस्थैर्य आहे हे कसे ओळखावे?

आवक अर्ध्या वेगाने फिरवून पाहा, मग आणखी अर्ध्या वेगाने. उपकरण किंवा डिटेक्टर नुसता मागे रेंगाळत असेल, तर वेटोळे वेगानुसार अरुंद होत जाते आणि पुरेशा सावकाश फेरीला नाहीसे होते. खरे द्विस्थैर्य असेल तर ते एका ठरावीक रुंदीवर थांबते. दुसरी चाचणी अधिक निर्णायक आहे: आवक पट्ट्याच्या मध्यावर स्थिर ठेवा, बाहेरून एक लहान स्पंद द्या आणि जावक वर गेल्यावर तशीच टिकते का ते पाहा; मग आवक क्षणभर खाली नेऊन पूर्ववत करा आणि खालची स्थिती टिकते का तेही पाहा. टिकण्याचा हा काळ उपकरणातल्या सर्वांत मंद घड्याळाच्या, म्हणजे बहुधा उष्णतेच्या, अनेक पट असला पाहिजे. उष्णतेचा परिणाम मिलिसेकंदाचा असेल तर काही सेकंद थांबणे पुरे. प्रबंधात वेटोळ्याचा आलेख देताना फेरीचा वेग आलेखाच्या खालीच लिहावा. तो नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि तो योग्यच आहे.